दिवा–वसई: आहे त्याच रुळांवर मेमू वाढवायची की वेगळी लाइन मागायची?

डोंबिवलीहून दादरमार्गे वसई गाठायची तर साधारण 80 किलोमीटर पडतात. दिवा–वसई मार्ग आहे जेमतेम 42 किलोमीटरचा. तरी बहुतेक जण दादरचाच वळसा घेतात, कारण मेमू, म्हणजे विजेवरची छोट्या पल्ल्याची गाडी, चुकली की पुढची कितीतरी वेळाने. हा मार्ग मुळात मालवाहतुकीचा. प्रवासी गाड्या 1994 पासून आल्या. म्हणून प्रवासी संघटनेने निवेदनात नेमकं काय मागायचं, हे आधी ठरवायला हवं.

आहे त्याच रुळांवर फेऱ्या वाढवायला जमीन लागत नाही. कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जूचंद्र ही स्थानकं तयारच आहेत. गुदामांत आणि यंत्रमागांवर कामाला जाणाऱ्यांना उद्यापासून उपयोग. अडचण मालगाडीची. भरलेली गाडी पाऊण किलोमीटरच्या आसपास लांब. एकदा सिग्नलला थांबली की वेग घ्यायला कित्येक मिनिटं खाते. शिवाय तिला ठरलेलं वेळापत्रक नसतं, रेल्वेचा कंट्रोल (नियंत्रण कक्ष) सोडेल तेव्हा ती निघते. तिच्यामागे सापडलेली मेमू भिवंडी रोडच्या अलीकडे उभी राहते आणि कामगाराचा खाडा पडतो. विरार–डहाणूवर 2013 मध्ये लोकल सुरू झाली, तेव्हाही रूळ दोनच होते, एक्सप्रेस आणि मालगाड्यांच्या वाटणीतले. लोकल मिळाली, पण फेऱ्या हव्या तितक्या वाढेनात. शेवटी चौपदरीकरण हाती घ्यावं लागलं.

वेगळ्या लाइनचा नमुना म्हणजे पनवेल–कर्जत. तिथेही आधी मालगाड्यांची एकेरी लाइन होती. लोकलसाठी 29.6 किलोमीटरची दुहेरी लाइन 2016 मध्ये मंजूर झाली, खर्च 2,782 कोटी, वाटेत तीन बोगदे. एकदा झाली की वेळापत्रक मालगाडीच्या मर्जीवर राहत नाही, हे मोठंच सुख. पण दिवा–वसईवर उल्हास नदीवर नवा पूल, कामणकडे डोंगर आणि भिवंडीत रुळांच्या आसपास गुदामं. भूसंपादनातच वर्षं जातील.

माझं मत पहिल्या पर्यायाला, आणि त्याचं कारण आहे पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग, म्हणजे फक्त मालगाड्यांसाठीची वेगळी लाइन. दिल्लीजवळच्या दादरीहून तो थेट जेएनपीटीपर्यंत, म्हणजे न्हावा शेवा बंदरापर्यंत आखलाय. बंदराचे कंटेनर तिकडे वळले की जुन्या रुळांवर जागा मोकळी होते. ती आपण आधीच मागून ठेवली नाही, तर दुसऱ्या मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे येऊन बसतील. मग वेगळ्या लाइनशिवाय इलाज उरणार नाही.

म्हणून नुसतं ‘फेऱ्या वाढवा’ लिहू नका. सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 9 दर तासाला दोन्ही दिशांना मेमू, त्या वेळात मालगाडी लूपला (स्थानकातल्या बाजूच्या रुळावर), आणि कोपरला वरच्या फलाटावरून खाली उतरून लोकल पकडता येईल अशी वेळ, एवढं स्पष्ट मागा. दिवा मध्य रेल्वेकडे, वसई पश्चिमेकडे. निवेदनाची प्रत दोन्हीकडे द्या आणि दोन्हीकडची पोच घ्या.