बाराशे रुपयांत मार्केटिंग: साताऱ्यातल्या दोन दिवसांच्या वर्गाचा अनुभव

मी वाईची. आमचा अकरा जणींचा बचत गट आहे. मेतकूट, भाजणी, कारळ्याची चटणी असं करतो. आमच्याकडे ‘मार्केटिंगवाला आलाय’ म्हटलं की दारात पिशवी घेऊन उभा राहिलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. मीही तेच धरून चालले होते. माल आधी करायचा, मग तो खपवायला वणवण करायची, आणि ती वणवण म्हणजे मार्केटिंग. साताऱ्यातल्या वर्गात नाव घातलं तेही वणवण जरा सोपी व्हावी म्हणून. फी 1200 रुपये, जेवण-चहा त्यातच. वर्गाचं नाव लिहीत नाही, कारण एक तक्रार आहे. ती मी त्यांना समक्ष सांगितली आहे.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. शिकवणाऱ्या बाईंनी अमेरिकन मार्केटिंग असोसिएशनची व्याख्या घेतली आणि मराठीत फोडून सांगितली: ग्राहकाला, भागीदारांना आणि एकूण समाजाला जिचं मोल वाटेल अशी गोष्ट घडवणं, तिची माहिती देणं, ती पोहोचवणं आणि तिची देवाणघेवाण करणं. मग विचारलं, “यात पहिलं काम कुठलं?” घडवणं! म्हणजे कढई चुलीवर चढण्याआधीच मार्केटिंग सुरू झालेलं असतं. मी ते वाक्य वहीत दोनदा लिहिलं.

मार्केटिंगचे अमेरिकन प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी 1960 मध्ये मांडलेले चार ‘पी’ही झाले: प्रॉडक्ट (माल), प्राइस (किंमत), प्लेस (विक्रीची जागा), प्रमोशन (जाहिरात). ही यादी कुठेही मिळेल. पण बाईंनी ती प्रत्येकीच्या पाकिटाला लावून दाखवली. माझं मेतकूट 200 ग्रॅमला 90 रुपये. किंमत कशी काढली? हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, मेथी, सुंठ, हिंग, गिरणी, पिशवी, सगळं मांडलं होतं. भाजण्याचे तीन तास मात्र कुठेच नव्हते. एकेक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजावा लागतो. डाळ करपली की सगळं कडू होतं. एवढं जपून केलेल्या कामाचे आम्ही शून्य रुपये धरले होते, तेही चार वर्षं. सगळ्यांसमोर हे सांगताना माझा गळा दाटून आला.

दुपारी पाच गिऱ्हाइकांना फोन करायला लावले. ‘आवडलं का?’ असं विचारायचं नाही, कारण तोंडावर कुणी नाही म्हणत नाही. शेवटचं कधी खाल्लं, कुणी खाल्लं, उरलेल्याचं काय झालं, एवढंच विचारायचं. तिघींनी सांगितलं की पाकीट संपेपर्यंत वास उडून जातो. एका आईचा मुलगा पुण्यात हॉस्टेलला आहे, त्याला एवढं मोठं पाकीट नको असतं. त्यावर बाईंनी चिक शांपूचं उदाहरण दिलं. तमिळनाडूतल्या कडलूरमध्ये 1983 मध्ये सुरू झालेला हा धंदा पुड्यांवर वाढला. ज्यांना बाटली परवडत नव्हती त्यांच्या हातात पुडी आली. घरी आल्यावर आम्ही 50 ग्रॅमची पुडी काढली, मजुरी धरून 30 रुपयांना. मागच्या बाजूला छापलं: ‘गरम भात, तूप, मीठ, दोन चमचे मेतकूट’. पहिल्या साठ पुड्या पुण्यालाच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिज्जतची गोष्ट झाली. 1959 साली गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आमच्या गटातल्या दोघी सोबत होत्या, त्या डोळे विस्फारून ऐकत होत्या.

दुपारी मात्र विरस झाला. दीड तास पुढच्या 15,000 रुपयांच्या कोर्सचीच माहिती. ‘आज भराल तर सवलत, उद्या नाही’ असंही सांगितलं. माझ्या शेजारच्या मसालेवालीने घाबरून हजार रुपये भरूनही टाकले. आदल्या दिवशी गिऱ्हाइकाचं मोल एवढं मनापासून समजावणाऱ्यांनी असं घाई करून पैसे घ्यायला नको होते. तो वेळ आमच्या हिशेबाच्या वह्या तपासायला दिला असता तर किती कामी आला असता. लेबलवर काय काय छापणं कायद्याने लागतं, हेही राहूनच गेलं.

तरी माझे पाचपैकी चार तारे. बचत गटातल्या बायांनी जरूर जावं, शक्यतो दोघींनी मिळून. जाताना खर्चाची वही आणि आपलं एक पाकीट बरोबर न्या. बाई ते तिथेच फोडतात आणि सगळ्यांना चाखायला देतात.