कोर्ट नाक्याजवळचा वकिलांसाठीचा मराठी ड्राफ्टिंग क्लास – लावाच

इंग्लिश मिडियममधून एलएलबी करून ठाणे किंवा बेलापूर कोर्टात प्रॅक्टिस सुरू केली असेल तर हा क्लास डोळे झाकून लावा. ठाण्यात कोर्ट नाक्यापासून चालत जाण्यासारखा आहे, शनिवारी संध्याकाळी असतो. शिकवणारे सर स्वतः सिव्हिल साइडचे जुने वकील, त्यामुळे व्याकरणाचं पुस्तक वगैरे काही नाही, पहिल्या दिवसापासून हातात दाव्याची झेरॉक्स आणि लिहा कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर. दाव्याच्या परिच्छेद 4 मधला मजकूर "खरा व बरोबर नसून प्रतिवादीस मान्य व कबूल नाही" असं नुसतं पाठ करून चालत नाही, त्यातलं नेमकं काय नाकबूल आणि काय कबूल हे सर एकेकाला उभं करून विचारतात.

उलटतपासाचं सेशन तर जबरदस्त. एकजण साक्षीदार, एकजण वकील, तिसऱ्याने सगळं लिहून घ्यायचं. "तुम्ही तेव्हा तिथे नव्हता ना?" असा प्रश्न आला आणि साक्षीदार नुसतं "हो" म्हणाला, आता याचा अर्थ होता की नव्हता? सर तिथेच थांबवतात, प्रश्न परत विचारायला लावतात आणि "हे म्हणणे खरे आहे की, मी त्यावेळी तेथे हजर नव्हतो" असं सरळ लिहून घेतात. एक "नाही" इकडचा तिकडे झाला तर अशिलाची केस जाते हो, हे कॉलेजात कुणीच सांगत नाही.

सरांनी आयर्लंडचं सांगितलेलं मला फार पटलं. तिथे 1929 च्या कायद्याने बॅरिस्टर आणि सॉलिसिटर दोघांनाही आयरिश भाषा येणं सक्तीचं होतं, पण परीक्षा पास झाली म्हणून कोर्टात आयरिशमधून केस चालवता येतेच असं नाही, शेवटी 2008 मध्ये कायदा बदलून ती सक्ती काढली आणि किंग्ज इन्स (बॅरिस्टर घडवणारी संस्था) व लॉ सोसायटी (सॉलिसिटर लोकांची संस्था) यांच्यावर जबाबदारी टाकली की आयरिशमधून प्रॅक्टिस करू शकतील असे पुरेसे वकील तयार करा, कोर्स चालवा, अशा वकिलांचं रजिस्टर ठेवा. आपल्याकडे खालच्या कोर्टांची भाषा मराठी हे नोटिफिकेशन 1998 चं आहे, पण कोर्टात लागणारं मराठी शिकवायचं कुणी? मला वाटतं हे काम बार असोसिएशननेच अंगावर घ्यायला हवं, तोपर्यंत असे क्लास आहेत हे आपलं नशीब.

जुने हस्तलिखित फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) आणि पंचनामे वाचायचा सराव भरपूर देतात, जमिनीच्या केसेस करणाऱ्यांना सोनंच. फी मला जास्त वाटली नाही. झेरॉक्स मात्र फिकट असतात आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही, पार्किंगचं तर नावच नको, ट्रेनने या. टाइपिंग अजिबात शिकवत नाहीत, ते युनिकोडमध्ये घरीच शिकून या, नाहीतर ड्राफ्ट डोक्यात तयार आणि तुम्ही टायपिस्टच्या रांगेत.