पोर्ट ब्लेअरहून एका दिवसाचं बेट: रॉस, जॉली बॉय, नील की हॅवलॉक?

अंदमानच्या सहलीत पोर्ट ब्लेअरला मुक्काम असतो, हातात एक मोकळा दिवस असतो आणि हॉटेलच्या काउंटरवर चार सहलींची पत्रकं असतात. प्रत्येक पत्रकावर तेच निळं पाणी आणि तोच पांढरा वाळूचा पट्टा, त्यामुळे फोटो पाहून निवड होत नाही. आधी एक हिशेब मांडावा: बेटावर पाय टेकल्यापासून परतीच्या बोटीसाठी जेट्टीवर हजर व्हायच्या वेळेपर्यंत प्रत्यक्षात किती तास मिळतात? पत्रकावरचा 'पूर्ण दिवस' पहाटे हॉटेल सोडल्यापासून मोजलेला असतो.

नावांचा घोळही आधीच मिटवून टाकू. ३० डिसेंबर २०१८ रोजी रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि हॅवलॉकचं स्वराज द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. तिकिटावर नवी नावं असतात, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी. इथे जुनीच वापरली आहेत.

| सहल | एका बाजूचा समुद्रप्रवास | बेटावर हाती येणारा वेळ | कुठून सुटते |
|---|---|---|---|
| रॉस + नॉर्थ बे | १५ ते ३० मिनिटांचे टप्पे | दोन्ही मिळून ४ ते ५ तास | अबरडीन जेट्टी |
| जॉली बॉय | सुमारे १ तास | सुमारे ३ तास | वंडूर, शहरापासून जवळपास ३० किमी |
| नील | १ ते २ तास | ५ ते ७ तास | हॅडो किंवा फिनिक्स बे |
| हॅवलॉक | दीड ते अडीच तास | ५ ते ६ तास, त्यातला तासभर रस्त्यावर | हॅडो किंवा फिनिक्स बे |

रॉस आणि नॉर्थ बे

ही जोडी सगळ्यात सोपी म्हणून विकली जाते, पण जोडीतली दोन ठिकाणं सारख्या तोलाची नाहीत. रॉस जेमतेम पाव-अर्धा चौरस किलोमीटरचं. १८५८ पासून जपान्यांनी १९४२ मध्ये बेटं ताब्यात घेईपर्यंत इंग्रजांचा इथला कारभार या तुकड्यावरून चालायचा. चर्च, बेकरी, क्लब, चीफ कमिशनरचा बंगला यांच्या भिंती आता वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या आहेत. माणसाला न बुजणारी हरणं आणि मोर त्यांतून फिरतात. सेल्युलर जेलच्या गच्चीवरून हे बेट समोर दिसतं. काळ्या पाण्याचे कैदी त्या किनाऱ्यावर आणि त्यांच्यावर हुकूमत गाजवणारे या किनाऱ्यावर. म्हणून सावरकरांची कोठडी आदल्या दिवशी बघून मग रॉसला आलेलं बरं; नुसते पडके वाडे बघितल्यासारखं वाटत नाही. या चारही सहलींत जाणत्या गाइडचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते इथेच.

नॉर्थ बे म्हणजे वॉटर स्पोर्ट्सचा बाजार. काचेच्या तळाची बोट, सी वॉक, स्कूबा, जेट स्की, सगळ्यांची वेगवेगळी तिकिटं. किनाऱ्याजवळचं प्रवाळ २००४ च्या त्सुनामीनं आणि २०१० च्या विरंजनानं (पाणी तापून प्रवाळ पांढरं पडण्यानं) बरंच मार खाल्लेलं आहे, त्यामुळे पत्रकावरच्या रंगांची अपेक्षा ठेवू नये. जुन्या वीस रुपयांच्या नोटेमागचं दृश्य या खाडीचं, माउंट हॅरिएटवरून दिसणारं. (२०१९ च्या नव्या नोटेवर ती जागा आपल्या वेरूळनं घेतली.) पाण्यात उतरायचंच नसेल तर फक्त रॉसचं तिकीट मागा. ते मिळतं, विक्रेते आपणहून सांगत नाहीत इतकंच. रॉस बुधवारी बंद असतं.

एक चूक इथे रोज घडते. परत यायचं ते ज्या बोटीनं आलात त्याच बोटीनं. तिकडे एकसारख्या वीसेक बोटी लागलेल्या असतात आणि दुसरी बोट तुम्हाला घेत नाही. उतरतानाच बोटीच्या नावाचा फोटो काढा आणि सुटायची वेळ नावाड्याला दोनदा विचारा.

जॉली बॉय

प्रवाळ बघायचं असेल तर या चारांत पहिला क्रमांक जॉली बॉयचा. ते १९८३ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं. प्रवाळाला उसंत मिळावी म्हणून वन खातं आलटून पालटून बेटं उघडतं: साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, बाकीचे महिने रेड स्किन. रेड स्किन वाईट नाही, पण जॉली बॉयच्या तोडीचं नाही. पावसाळ्यात कोणी 'जॉली बॉय टूर' विकत असेल तर नेमकं कुठलं बेट ते विचारा. सोमवारी सुट्टी.

दररोज जाणाऱ्यांची संख्या मर्यादित आहे आणि वन खात्याचा परवाना आधी काढावा लागतो. पर्यटक अडकतात ते इथे. परवाना वेगळा, बोटीचं तिकीट वेगळं, आणि वंडूरला सकाळी मूळ ओळखपत्र लागतं. दिवाळी-नाताळच्या गर्दीत हे काम एजंटावर सोपवलेलं परवडतं. एरवी स्वतः काढलेल्या परवान्यात आणि पॅकेजमध्ये फरक फक्त वंडूरपर्यंतच्या गाडीचा.

बेटावर जेट्टी नाही. मोठी बोट पाण्यातच थांबते, काचेच्या तळाच्या छोट्या बोटीत उतरावं लागतं आणि किनाऱ्याशी गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं. गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर निर्णय या एका गोष्टीवर घ्या. दुकान नाही, हॉटेल नाही, एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकला पूर्ण बंदी. डबा स्टीलचा न्या, पाण्याची बाटलीही धातूची असावी. वेफर्सची पाकिटं तपासणीत बाहेर काढायला लावतात.

नील

एका दिवसासाठी आमचा कौल नीलला. कारण साधं आहे: कुठलंही ठिकाण जेट्टीपासून सहा-सात किलोमीटरच्या आत. भरतपूर किनारा तर जेट्टीवरून चालत गाठता येतो. रिक्षा, भाड्याची स्कूटर, सायकल, काहीही चालतं, आणि रस्त्यावर वेळ जात नाही. इथे मार्गदर्शित पॅकेजची खरी गरज नाही. बोटीचं जाऊन-येऊन तिकीट हाती असलं की दिवस आपोआप जमतो.

पण एक गोष्ट पॅकेजवाले सांभाळत नाहीत आणि स्वतः जाणारेही विसरतात. लक्ष्मणपूरचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. भरतीला तिथपर्यंत जायची वाटच पाण्याखाली असते. उलट भरतपूरला पोहायला आणि काचेच्या बोटीला पुरेसं पाणी लागतं. ओहोटीला प्रवाळ उघडं पडतं आणि बोटी थांबतात. म्हणजे दिवसाचा क्रम समुद्र ठरवतो.

तिथी बघून अंदाज बांधता येतो, पण कोकणातलं गणित अंदमानात तसंच्या तसं चालत नाही. मुंबईला अमावास्या-पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आसपास लागते. पोर्ट ब्लेअरकडे ती दोनेक तास आधी, साधारण दहाच्या सुमाराला. म्हणजे त्या दिवशी ओहोटी दुपारी चारला, नेमकी परतीच्या बोटीच्या वेळी. सकाळी आठ-नऊला उतरलेल्याला पूल दिसणं कठीण. दशमी ते त्रयोदशी या दिवसांत मात्र ओहोटी अकरा ते दोनच्या दरम्यान येते: सकाळी भरतपूर, दुपारी पूल, मग जेट्टी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. अष्टमीला ओहोटी सकाळीच असते, पण भांगेची असल्यानं पाणी फारसं उतरत नाही. हा अंदाज झाला. अचूक मिनिटांसाठी पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. पुलाकडची वाट मेलेल्या प्रवाळाच्या टोकदार दगडांवरून जाते, तिथे रबरी चपलेचा अंगठा निघतो. मागे पट्टा असलेले सँडल घाला.

हॅवलॉक

सगळ्यांना जायचं असतं ते इथे, आणि एका दिवसात सर्वांत जास्त हिरमोड होतो तोही इथेच. बेटाचा दोष नाही, अंतरांचा आहे. राधानगर किनारा जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटर. एलिफंट बीचला जेट्टीवरून वेगळी बोट किंवा जंगलातून पाऊणएक तासाची पायवाट. काळापत्थर तिसऱ्याच दिशेला.

हिशेब करून बघा. साडेसातची बोट, नऊला हॅवलॉक. उतरून गाडी मिळेपर्यंत साडेनऊ, राधानगरला दहा. परतीची बोट साडेतीनची असेल तर अडीचला जेट्टीवर हजेरी, म्हणजे पावणेदोनला वाळू झटकून निघायचं. मध्ये जेवण. हातात राहतात तीन तास. यात एलिफंट बीच घुसवलं की दोन्ही ठिकाणी फक्त कपडे बदलणं होतं. म्हणून एका दिवसात एकच किनारा: पाण्याखालचं बघायचं तर एलिफंट, वाळू आणि लाटा हव्या तर राधानगर. आणि राधानगरचा सूर्यास्त, ज्यासाठी हा पश्चिमेकडचा किनारा नावाजलेला आहे, तो एका दिवसाच्या सहलीत बसत नाही. अंदमान देशाच्या बरंच पूर्वेला, घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारासच बुडतो, पण तोवर तुमची बोट सुटलेली असते. हॅवलॉक हवंच असेल तर एक रात्र तिथे काढा.

एका दिवसातच उरकायचं झालं तर मात्र इथे पॅकेज घेण्यात अर्थ आहे, कारण जेट्टीवर गाडी उभी असणं ही अर्ध्या तासाची बचत आहे. पैसे देण्याआधी विचारायचं ते इतकंच: बोट कुठली आणि किती वाजताची, गाडी आपल्यापुरती की इतरांबरोबर, आणि हवामानामुळे बोट रद्द झाली तर कोणते पैसे परत मिळतात. बोटीचा परतावा मिळतो पण गाडी-जेवणाचा नाही, असं बऱ्याचदा बारीक अक्षरात असतं. 'एका दिवसात नील आणि हॅवलॉक' असं पॅकेज दिसलं तर त्यात दिवसाचा मोठा भाग बोटीत आणि जेट्टीच्या रांगेत जाणार, हे समजून घ्या.

बाराटांगची चुनखडीची गुहाही याच यादीत विकली जाते, पण तो मुख्यतः रस्त्याचा प्रवास आहे. जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ताफ्यानं जावं लागतं, मध्ये थांबायला आणि फोटो काढायला कायद्यानं बंदी आहे. समुद्र बघायला आलेल्यानं त्यात दिवस घालवू नये.

सरकारी बोट की खासगी?

नील-हॅवलॉकसाठी हा प्रश्न पडतोच. खासगी कॅटामरान वेगवान, वातानुकूलित आणि बंदिस्त; बहुतेकांत डेकवर उभं राहता येत नाही. सरकारी फेरी संथ आणि कितीतरी स्वस्त, वर मोकळ्या हवेत उभं राहता येतं. तिथल्या जागांवर बेटवासीयांचा हक्क आधी असतो, म्हणून हंगामात ऐनवेळी तिकीट मिळेल या भरवशावर राहू नये. खासगी बोटीसाठी तासभर आधी हजर व्हावं लागतं. सामानाची तपासणी होते आणि तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळावं लागतं. घरातल्या नावानं तिकीट काढलेला काका गेटवर अडकतो.

बोट लागणाऱ्यांना बंद केबिन जास्त त्रास देते, कारण शरीर हलत असतं आणि डोळ्यांना स्थिर क्षितिज दिसत नाही. खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर किंवा थोडं मागे बसा. पुढची 'प्रीमियम' जागा सर्वांत जास्त आपटते. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून, बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. रिकाम्या पोटापेक्षा दोन इडल्या बऱ्या.

जानेवारी ते एप्रिल समुद्र सहसा शांत. मेच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस इथे पोचतो आणि वाऱ्याच्या इशाऱ्यावर बोटी रद्द होऊ लागतात. वर्षअखेरीची वादळं वेगळीच: डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक-नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले आणि नौदलाला जहाजं पाठवावी लागली. म्हणून नील-हॅवलॉकची सहल विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नका; त्या दिवसासाठी रॉस राखून ठेवा, कारण तिथून शहर डोळ्यांसमोर असतं. स्कूबा करणार असाल तर हा नियम आणखी कडक: शेवटच्या बुडीनंतर विमानात बसण्यापूर्वी १८ ते २४ तास जाऊ द्यावे लागतात.

परतताना पिशवीत पांढरा प्रवाळाचा तुकडा ठेवू नका, वाळूत मेलेला पडलेला असला तरी. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रात तो स्पष्ट दिसतो.