पंधरा तासांवर सही केली, गाडी हातात आली चार तास चाळीस मिनिटं

अमेरिकेत मोठ्या ट्रकचं लायसन काढायला शाळेत गेलो, एकूण ६,०९० डॉलर गेले. २,४९० चेकनं, २,९०० बँकेच्या ॲपवरून, आणि टेस्टला ट्रक न्यायचा म्हणून रोख ३५०, दोनदा. लायसन हातात नाही. हे लिहायला वर्ष लागलं. तासगाव-सांगली-वाशी अशी एकोणीस वर्षं आयशर मारलेला माणूस गाडी शिकवणाऱ्या शाळेत फसला, हे गावाकडं कळलं तर तोंड कसं दाखवायचं, हा विचार पाठ सोडत नव्हता. आता लिहितोय, कारण ज्यानं मला त्या शाळेत धाडलं तो माणूस परवा तिळगुळाच्या कार्यक्रमात पुन्हा दिसला. एका नव्या पोराच्या खांद्यावर हात टाकून बोलत होता.

मी नोव्हेंबर २०२४ मध्ये बहिणीच्या अर्जावर कॅलिफोर्नियात आलो, फ्रेस्नोजवळ. बेदाण्याचा मुलूख, त्यामुळे परका वाटला नाही. बहिणीच्या घरी चार माणसं घेऊन राहायचं म्हणजे पहिल्या दिवसापासून कमवायची घाई. येतं काय, तर गाडी. इथं मोठ्या ट्रेलरला ए क्लासचं लायसन लागतं, आणि ७ फेब्रुवारी २०२२ पासून नियम असा की इथल्या केंद्र सरकारच्या यादीतल्या शाळेत शिकल्याशिवाय टेस्टच देता येत नाही.

आधी मी कम्युनिटी कॉलेजात गेलो होतो, हे मुद्दाम सांगतो. लोक म्हणतात चौकशी केली नाही, म्हणून. तिथला ट्रकचा कोर्स क्रेडिटचा, म्हणजे कॉलेजच्या नेहमीच्या फीतला होता. राज्यातल्या रहिवाशाला युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर. (सगळ्याच कॉलेजांत असा नसतो, काही ठिकाणी हाच कोर्स वेगळी मोठी फी लावून चालवतात. तेवढं विचारून घ्या.) पण रहिवासी म्हणवून घ्यायला राज्यात एक वर्ष एक दिवस काढावा लागतो. माझे झाले होते दोन महिने. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, बाहेरच्याच्या फीनं ऑगस्टला या, नाहीतर पुढच्या जानेवारीत. शिवाय प्रतीक्षायादी. बोलणं कोरडं, हसणं नाही, चहापाणी तर नाहीच. निघताना एवढंच म्हणाल्या, "कुठंही गेलात तरी विचारा, स्टिअरिंग स्वतःच्या हातात किती तास मिळणार." मला राग आला होता. त्या बाईंचं ते एक वाक्य ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती.

आणि त्याच जानेवारीत तिळगुळाच्या कार्यक्रमात हा माणूस भेटला. साताऱ्याकडचा म्हणाला. "दादा, तिकडं एवढी वर्षं गाडी मारली तुम्ही, तुम्हाला कॉलेजात बसून काय शिकायचंय? आपल्या ओळखीची शाळा आहे. चार आठवडे, १६० तास, दहा गिअरचा ट्रक, नोकरीचं पत्र शाळाच देते." परमुलखात दोन महिने धड मराठी कानावर पडलं नव्हतं. विरघळलो. त्याला माणशी ५०० डॉलर मिळतात हे फार उशिरा कळलं.

तरी शाळेचं नाव केंद्राच्या यादीत मी तपासलं. होतं. याच्यापुढं सामान्य माणसानं काय करायचं? त्या यादीत नाव यायला शाळेनं स्वतःच लिहून द्यायचं असतं की आम्ही नियम पाळतो, हे मला कोणी सांगितलं होतं? २०२५ च्या डिसेंबरात केंद्रानंच जाहीर केलं की जवळजवळ ३,००० शाळा यादीतून काढतोय, आणखी ४,५०० ना तंबी दिली आहे. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. यादीत नाव आहे म्हणून पैसे देऊ नका.

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. पत्र्याची शेड, मागं मातीचं यार्ड, एक ट्रक. ट्रक ऑटोमॅटिक. दहा गिअरचा कुठाय, तर दुरुस्तीला. ऑटोमॅटिकवर टेस्ट दिली की लायसनवर तशी नोंद बसते आणि व्यवसायासाठी गिअरची गाडी चालवता येत नाही. तुमच्या शाळेत कुठली गाडी आहे ते आधी डोळ्यांनी बघा, फोटोत नको. केबिनमध्ये आम्ही चौघं. एक चालवणार, तिघं मागं स्लीपरवर, म्हणजे झोपायच्या फळीवर, गुडघे पोटाशी घेऊन. यार्डात एक फेरी, उतर, पुढचा. थिअरीच्या परीक्षेला ८० टक्के लागतात. ऑफिसातल्या पोरानं आमच्यासमोर बसून आमची उत्तरं भरली.

आता त्या गुरुवारचं सांगतो. २० फेब्रुवारी. संध्याकाळी शिकवणाऱ्यानं बोनेटवर एक कागद ठेवला आणि पेन दिलं. केंद्राच्या नियमात गाडीवरच्या तासांची अटच नाही, पण कॅलिफोर्नियात किमान १५ तास चालवावं लागतं, त्यातले १० रस्त्यावर. तो हिशेब त्या कागदावर होता. माझं नाव, सात तारखा, पुढं तास, बेरीज बरोबर १५. १७ तारखेला अडीच तास लिहिले होते. १७ ला राष्ट्राध्यक्ष दिनाची सुट्टी होती, यार्डाला कुलूप होतं, मी घरी होतो. शेवटची ओळ होती २५ फेब्रुवारीची, दोन तास. पुढचा मंगळवार! अजून उजाडायचा होता. मी ती ओळ वाचली. बोट ठेवून वाचली. म्हटलं, ही तारीख तर पुढची आहे. तो म्हणाला, "ते तास देणारच आहोत, सही नसेल तर तुमची नोंद वर जाणार नाही आणि टेस्टची तारीख मिळणार नाही." मागं तिघं सहीसाठी थांबलेले. मी सही केली. रात्री झोपताना आजही तो बोनेट दिसतो.

मी वहीत लिहून ठेवत होतो, जुनी सवय. ट्रिपशीट कधी चुकवली नाही. माझ्या हातात स्टिअरिंग एकूण ४ तास ४० मिनिटं. त्यातलं रस्त्यावर १ तास १० मिनिटं. २५ तारीख आली आणि गेली, ते दोन तास कधीच मिळाले नाहीत.

१८ मार्चला पहिली टेस्ट. एअर ब्रेकची तपासणी बोलून आणि करून दाखवायची असते. इंजिन बंद, ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, मिनिटभरात हवा चार पीएसआयपेक्षा (हवेच्या दाबाचं माप) जास्त उतरता कामा नये. मग पेडल मारत हवा काढायची, साठच्या आसपास इशारा वाजतो, आणखी खाली आलं की पार्किंग ब्रेकची पिवळी आणि लाल घुंडी आपोआप बाहेर येते. यातलं एक अक्षर आम्हाला शिकवलं नव्हतं. परीक्षकानं विचारलं आणि मी त्या दोन घुंड्यांकडं बघत बसलो. तिथंच नापास. २२ एप्रिलला ते पाठ करून गेलो, ट्रेलर मागं घेताना खुणेचा शंकू पडला. आयशर मागं घेणं वेगळं आणि त्रेपन्न फुटी ट्रेलर वेगळा, तो उलट्या बाजूला पळतो, त्याला हात बसायला तास लागतात. ते तास मी विकत घेतले होते. एका अर्जावर तीन संधी असतात. तिसऱ्या संधीच्या वेळी शाळेचा फोन बंद, यार्डात लाकडी पॅलेटचे ढीग.

मग सुरू झाले हेलपाटे. खाजगी शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या खात्याचं उत्तर आलं अकरा आठवड्यांनी. एकूण फी २,५०० डॉलर किंवा कमी असेल तर अशा शाळेला मंजुरी लागत नाही, म्हणून ती आमच्या कक्षेत नाही. आता कळलं २,४९० का होते ते! मी लिहिलं, साहेब, शिकायचे मी ५,३९० दिलेत. उत्तर : बाकीची रक्कम ट्रकभाडं आहे आणि पावती दुसऱ्या कंपनीची आहे. बुडालेली फी परत द्यायला राज्याचा निधी आहे, पण तो मंजूर शाळांतल्या विद्यार्थ्यांना. म्हणजे ज्यानं नियम चुकवला त्याच्याकडं फसलेल्याला काही नाही. लायसन खात्यात गेलो तर म्हणाले केंद्राकडं लिहा. केंद्राला लिहिलं, एक क्रमांक आला, पुढं काही नाही. बँक म्हणाली पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिस म्हणाले दिवाणी मामला आहे, आणि वर विचारलं, पंधरा तासांवर सही तुमचीच ना? माझीच. भाषा तोडकीमोडकी, प्रत्येक खिडकीवर भाचीला सुट्टी काढून न्यायचं, आणि प्रत्येक जण पुढच्या खिडकीकडं बोट दाखवणार. यांच्या पगाराला आमचेच पैसे लागतात ना?

एक अजून. रोजगार केंद्रातून प्रशिक्षणाची फी सरकार भरू शकतं, त्यांच्या यादीतल्या शाळेसाठी. पण आधी जायला हवं. मी पैसे भरून झाल्यावर गेलो आणि हात हलवत परत आलो. आणि पावतीवरचं नाव, पाटीवरचं नाव, चेक कोणाच्या नावे, तिन्ही जुळतात का बघा. माझी तिन्ही वेगळी होती. छोट्या दाव्यांच्या कोर्टात ७५ डॉलर भरून दावा लावलाय, पण नोटीस बजावायला पत्ता शोधण्यातच दोन महिने गेले.

कॉलेजात या जानेवारीत नाव लागलं. खिडकीवर त्याच बाई होत्या. वर्ष एक दिवस पूर्ण झालंय.

दाव्याची तारीख १२ फेब्रुवारी आहे. माझ्याबरोबर स्लीपरवर बसणाऱ्या तिघांत एक जण नांदेडकडचा होता, फेब्रुवारीतच कामासाठी टेक्सासला गेला, फोन बदलला. दादा, तू हे वाचत असशील तर तुझ्याही कागदावर २५ तारखेची ती ओळ असणार. येता नाही आलं तरी त्याचा फोटो आणि दोन ओळींचं सहीचं पत्र पाठव. माझी वही कोर्ट मानेल की नाही सांगता येत नाही, पण दोघांची सही पुढच्या मंगळवारच्या तासांवर असेल तर तिथं त्याला उत्तर द्यावं लागेल.