मुलीच्या व्हिसावरची एक ओळ

माझी थोरली मुलगी सप्टेंबर २०२४ मध्ये नवऱ्याकडे जर्मनीला गेली. जावई श्टुटगार्टजवळ इंजिनिअर आहेत, ब्ल्यू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना तिथं मिळणाऱ्या परवान्यावर. ती निघायच्या आधीच्या तीन आठवड्यांत कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका व्हिसा एजंटानं माझ्याकडून १,८०,००० रुपये घेतले. तिला तिथं नोकरी करता यावी म्हणून ‘वर्क परमिट’ लागतं, असं त्यानं सांगितलं होतं. तो परवाना तिच्या पासपोर्टात आधीच होता. कोल्हापुरातून, इचलकरंजीतून, सांगलीतून लग्न होऊन बाहेर जाणाऱ्या मुली आता पुष्कळ आहेत. त्यांच्या आईवडिलांसाठी हे लिहितोय.

एजंटाकडे आम्ही आधी फक्त फॉर्म भरायला गेलो होतो. सहा हजार घेतले आणि काम चोख केलं. कागद लावून दिले, मुंबईच्या अपॉइंटमेंटला काय न्यायचं त्याची यादी दिली. ऑगस्टमध्ये व्हिसा आला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो त्याच्याकडे. म्हणाला, “काका, पासपोर्ट आणलाय का? एकदा बघून घेऊ.”

व्हिसाचं पान उघडून त्यानं टेबलावर ठेवलं. स्टिकरच्या खालच्या भागात शेरा छापलेला असतो, त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ जर्मनमध्ये होती. म्हणाला, “हे बघा, हीच अट. फॅमिली व्हिसा हाय, कमाई करायची न्हाई असं लिहिलंय. पकडलं तर दोघांनाबी माघारी धाडतात.”

मुलगी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेली. शाहूपुरीतल्या लॅबमध्ये चार वर्षं काम केलेलं. घरात बसून राहणं तिला जमणारं नव्हतं, हे त्याला माहीत होतं, कारण फॉर्म भरताना तिनंच सांगितलं होतं. मी विचारलं, मग काय करायचं? तो म्हणाला, दिल्लीत आमचा माणूस आहे, परवान्याचं पत्र काढून देतो.

आणि मग तो जे बोलला त्यानं मी खरा अडकलो. “जावयांच्या कानावर घालू नका काका. त्यांच्या कंपनीला कळलं तर त्यांचंच कार्ड अडकंल.” मुलीच्या बापाला जावयाकडे पैशाचं, अडचणीचं बोलायला जड जातं. आमच्या पिढीत तर फारच. त्यानं ते ओळखलं होतं. मी जावयांना एक शब्द विचारला नाही, मुलीलाही विचारू दिलं नाही. एक फोन केला असता तर गोष्ट तिथंच संपली असती.

मी साखर कारखान्यात क्लार्क होतो, ३४ वर्षं. निवृत्तीचे पैसे लग्नात गेले होते. बायकोच्या पाटल्या गुजरीत, सराफ बाजारात, मोडल्या. साठ हजार रोख दिले, बाकीचे दोन वेळा साठ-साठ हजार यूपीआयनं. खातं त्याच्या ऑफिसच्या नावाचं नव्हतं, कुणा वेगळ्याच माणसाचं होतं. मी विचारलं तर म्हणाला, दिल्लीवाल्याचं आहे. पावती मागितली तर डायरीचं पान फाडून त्यावर आकडा लिहून दिला. तारीखसुद्धा नाही.

दहा दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ आली. वर गरुडाचं चिन्ह, खाली गोल शिक्का, कोपऱ्यात क्यूआर कोड, मजकूर इंग्रजीत. राजारामपुरीतच रंगीत प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून मुलीला दिली. ती निघाली त्या दिवशी मी तिला तीनदा विचारलं, ते पत्र घेतलंस ना?

नोव्हेंबरमध्ये तिला एका गोदामात पॅकिंगचं काम मिळत होतं. तिथल्या ऑफिसातल्या बाईंपुढे तिनं ते पत्र ठेवलं. बाईंनी ते उलटंसुलटं बघितलं, बाजूला सारलं आणि पासपोर्ट मागितला. व्हिसाचं पान काढलं आणि त्याच ओळीवर पेन टेकवलं. ‘एर्वेर्ब्सटेटिग्काइट एर्लाउब्ट’. म्हणजे कमाईचं काम करायला परवानगी आहे. एजंटानं ज्या ओळीला मनाई म्हटलं होतं, तीच परवानगी. बाईंनी तिला हेही बजावलं की हे पत्र पुन्हा कुठं दाखवू नकोस. परदेशी नागरिकांच्या सरकारी ऑफिसात बनावट कागद पुढं केला असता तर खुलासे देता देता तिच्या राहण्याच्या परवान्यावर आलं असतं. पैशापेक्षा हा विचार मला जास्त झोपू देत नाही.

नंतर जावयांनी मला बसवून सगळं समजावलं. ते मला आधी कळायला हवं होतं, म्हणून इथं सांगतो. जर्मनीच्या निवास कायद्यात १ मार्च २०२० पासून कलम ४अ आहे. राहण्याचा परवाना असलेल्या माणसाला काम करता येतं, कायद्यानं मनाई केली असेल तरच नाही. नवऱ्याकडे राहायला जाणाऱ्या बायकोला त्यामुळे वेगळी परवानगी काढावी लागत नाही. आधी ते व्हिसाच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पुढं तिथलं राहण्याचं कार्ड मिळालं की कार्डावर किंवा त्याच्यासोबतच्या कागदावर. या व्हिसाची सरकारी फी मोठ्या माणसाला ७५ युरो आहे आणि ती आम्ही मुंबईतच भरली होती.

एक फरक मात्र आहे, आणि एजंट लोक त्याचाही फायदा घेतात. काम करायची परवानगी वेगळी आणि एखाद्या पेशाची मान्यता वेगळी. नर्स, डॉक्टर, लॅब टेक्निशियन यांना आपल्या शिक्षणाची तिथल्या राज्याकडून मान्यता घ्यावी लागते. माझ्या मुलीनं त्यासाठी अर्ज तिथं जाऊनच केला. कोल्हापुरातून कुणी ती मिळवून देतो म्हणाला तर उठून यावं.

प्रत्येक देशाचं वेगळं आहे, त्यामुळे शेजारच्याच्या मुलीचं बघून ठरवू नका. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा मिळतो आणि नुसत्या एच-४ वर खरोखरच काम करता येत नाही. २६ मे २०१५ पासून काहींना कामाचं कार्ड मिळू लागलं, पण त्यासाठी साधारणपणे नवऱ्याची ग्रीन कार्डाच्या वाटेवरची आय-१४० ही पायरी मंजूर झालेली लागते. ती नसेल तर कितीही पैसे मोजून ते कार्ड येत नाही. दुबईत नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईला नोकरी करता येते, पण कामाचा परवाना नोकरी देणाऱ्या कंपनीनं काढायचा असतो आणि खर्चही कंपनीचाच. ब्रिटनमध्ये केअर वर्कर म्हणून, म्हणजे आजारी-वृद्धांची काळजी घ्यायच्या कामाला, नव्यानं जाणाऱ्यांना ११ मार्च २०२४ पासून नवरा-बायको, मुलं सोबत नेणं बंद झालं आणि जुलै २०२५ पासून तर परदेशातून नव्यानं केअर वर्कर घेणंच बंद झालं. तरीही तसे व्हिसा काढून देतो म्हणणारे आहेत.

परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटाची भारत सरकारकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव बघता येतं. आणि नोंदणी असलेल्यालासुद्धा सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. माझ्याकडून घेतलेला आकडा ऐकूनच मला थांबायला हवं होतं. माझ्या खिशात फोन होता. त्या ओळीचा फोटो काढून भाषांतर करायला दोन मिनिटं लागली नसती. मी चाळीशी लावून ती ओळ बघत बसलो आणि त्याच्या तोंडावर विश्वास ठेवला.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तेव्हा पैसे देऊन अडीच महिने उलटले होते. खात्यात काही शिल्लक नव्हतं. हा नंबर पैसे गेल्याबरोबर, त्याच दिवशी फिरवायचा असतो. मग पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली, यूपीआयचे दोन्ही व्यवहार, पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं बोलणं जोडून. रोख दिलेल्या साठ हजारांना पुरावा म्हणून ते डायरीचं पान तेवढं आहे. एजंटाच्या ऑफिसला कुलूप आहे, बोर्ड काढून नेलाय.

जानेवारीत कागलचे एक गृहस्थ ओळखीतून माझ्याकडे आले. त्यांच्या सुनेसाठी असंच पत्र घेतलेलं, दीड लाखाला. आम्ही दोन्ही प्रिंट जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. नाव आणि जन्मतारीख बदललेली. वरचा अर्ज क्रमांक दोन्ही पत्रांवर एकच. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिळून पोलीस स्टेशनला गेलो आणि त्यांचंही पत्र माझ्या तक्रारीला जोडलं.