परमिट अडकलेली ग्राफाईटची खाण की आपल्याकडचा चालू कारखाना?

ईव्हीची बॅटरी म्हटलं की सगळे लिथियम लिथियम करतात, पण वजनात बघितलं तर आत लिथियमपेक्षा ग्राफाईट कितीतरी जास्त असतं, आणि हे एकदा डोक्यात बसलं की माणूस ग्राफाईटची कंपनी शोधायला लागतोच. गेल्या काही महिन्यांत ऑफिसातल्या दोघातिघांनी आणि माझ्या ऐरोलीच्या भाच्याने मला साधारण एकच प्रश्न विचारलाय: परदेशातली अमुक एक खाणवाली कंपनी आहे, माल चांगलाय, परमिट अडकलंय म्हणून शेअर पार झोपलाय, घेऊ का? की त्यापेक्षा इथलीच एचईजी, हिमाद्री, ग्राफाईट इंडिया वगैरे बघू? मी दोन्ही प्रकारचा माल घेतलाय, दोन्ही अजून आहेत, तर जे मला दिसलं ते लिहितो. मी सेबी रजिस्टर्ड वगैरे कोणी नाही.

अ‍ॅनोड म्हणजे काय, सिंथेटिक आणि नॅचरलमध्ये फरक काय, हे बहुतेक तुम्हाला माहीत असेल, तरी थोडक्यात: बॅटरीचं ऋण टोक म्हणजे अ‍ॅनोड, ग्राफाईट लागतं ते तिथे; नॅचरल खाणीतून निघतं, सिंथेटिक कारखान्यात कोक भाजून करतात. आणि चीनचंही माहीत असेल, अ‍ॅनोडसाठी लागणाऱ्या ग्राफाईटचं प्रोसेसिंग जवळपास सगळं त्यांच्या हातात, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी एक्स्पोर्टला परमिट लागेल असं जाहीर केलं आणि १ डिसेंबरपासून लागू केलं, त्या बातमीला जगभरचे खाणवाले शेअर उसळले होते. खाणीच्या बाजूचा सगळा मोह या एका गोष्टीत आहे. चीनने नळ आवळला की बाहेरच्या खाणीला भाव. ही गोष्ट खोटी नाहीये, फक्त त्यात वेळ किती लागणार ते कोणी सांगत नाही.

परमिटचा उशीर म्हणजे नक्की काय ते बघायचं तर स्वीडनचं टाल्गाचं उदाहरण घ्या. कंपनी ऑस्ट्रेलियात लिस्टेड, साठा स्वीडनच्या उत्तरेला किरुनाजवळ विटांगीला, ग्राफाईटचं प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत साठ्यांपैकी. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या कोर्टाने पर्यावरण परवाना दिला. आपल्याला वाटतं झालं काम. मग अपील झालं, पर्यावरणवाल्या संस्था आणि रेनडिअर पाळणारे सामी लोक, ज्यांच्या चराईच्या वाटा तिथून जातात (आणि त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं), ते वरपर्यंत गेले. सुप्रीम कोर्टाने अपील ऐकायला नकार दिला तोवर २०२४ संपत आलेलं. बरं त्यानंतरही खाणपट्ट्यावरची अपीलं वेगळी आणि नगरपालिकेच्या प्लॅनिंगचं प्रकरण वेगळं. मार्च २०२५ मध्ये युरोपियन युनियनने ज्या ४७ प्रोजेक्टना स्ट्रॅटेजिक म्हणून दर्जा दिला त्यात हाही आला, त्या दर्जाखाली खाणीचं परमिट २७ महिन्यांत निकाली काढायचं असं कायद्यात आहे. मला सांगायचंय ते एवढंच की 'परमिट' हा एक कागद नसतो, चारपाच कागद असतात, आणि एक आला की शेअर दोन दिवस वर जातो आणि मग लोकांना दुसऱ्याची आठवण होते.

मी घेतलेली कंपनी ही नव्हे. माझी टांझानियातली, तीही ऑस्ट्रेलियात लिस्टेड, नाव राहू दे. तिथे वेगळाच प्रकार, २०१७ मध्ये सरकारने खाणीचे कायदेच बदलले, सरकारला किमान १६ टक्के हिस्सा फुकट, त्यावर प्रत्येक कंपनीने सरकारशी नव्याने करार करायचा, मग स्पेशल मायनिंग लायसन्स, मग त्या लायसन्सवर बँक कर्ज देणार. तिथले ग्राफाईटचे जवळपास सगळेच प्रोजेक्ट यात रखडले. मी घेतलं तेव्हा हे मला माहीत होतं, उशीर होणार हे गृहीत धरूनच घेतलं होतं. उशिराचा मला त्रास झालाच नाही.

त्रास झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि माझ्यासाठी फैसला तिथेच झाला.

नवी मुंबईत राहणाऱ्याला वाट बघणं म्हणजे काय ते सांगायला नको. आपल्या विमानतळाला पर्यावरणाची मंजुरी २०१० मध्ये, भूमिपूजन फेब्रुवारी २०१८, उद्घाटन ऑक्टोबर २०२५. विमानतळाशेजारच्या उलव्याला ज्यांनी लवकर जागा घेऊन ठेवली त्यांनी ही सगळी वर्षं डोंगर फुटताना बघत काढली, लोकांची बोलणी खाल्ली. पण त्यांच्या जागेचे चौरस फूट तेवढेच राहिले. सहाशेचे सहाशे. परमिट अडकलेल्या खाणीच्या शेअरमध्ये तुम्ही वाट बघत बसता आणि तेवढ्यात चौरस फूटच कमी होत जातात.

कसं ते सांगतो. खाण सुरू नाही म्हणजे विक्री नाही, विक्री नाही म्हणजे पगार, वकील, ड्रिलिंग, पर्यावरणाचे रिपोर्ट हे सगळं शेअरहोल्डरच्या पैशावर. पैसे संपत आले की कंपनी नवे शेअर काढते. ऑस्ट्रेलियाच्या नियमात वर्षाला १५ टक्के नवे शेअर मतदान न घेता काढता येतात, छोट्या कंपन्यांना आधी ठराव करून वर अजून १० टक्के. समजा तीन वर्षं परमिट लांबलं आणि कंपनीने दरवर्षी फक्त १५ टक्केच काढले तरी तीन वर्षांनी शेअरची संख्या दीडपट होते, म्हणजे तुमचा १०० रुपयांचा वाटा ६६ वर आला, आणि ह्यात भाव पडलेला धरलाच नाहीये. म्हणून उशीर फुकट नसतो. कंपनी त्याचं भाडं भरते आणि ते तुमच्या हिश्शातून जातं.

इथपर्यंत ठीक, हे कुठल्याही ज्युनियर मायनरला (म्हणजे खाण अजून सुरू न झालेल्या छोट्या कंपनीला) लागू आहे, वाचून कळतं. खरी खाज पुढे आहे. सिडनीचं मार्केट उघडतं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार-साडेपाच झालेले असतात. सकाळी पाणी भरायला उठलं की फोनवर नोटीस दिसायची, ट्रेडिंग हॉल्ट, कारण कॅपिटल रेझिंग, म्हणजे नवे शेअर काढून पैसे उभारणं. दोन दिवस शेअर बंद. मग कळतं की मोठ्या फंडांना प्लेसमेंट दिलीय, म्हणजे नवे शेअर थेट त्यांनाच विकलेत, भावाच्या बऱ्यापैकी खाली, वर फुकटचे ऑप्शन (पुढे ठरलेल्या भावात आणखी शेअर घ्यायचा हक्क). आणि छोट्या शेअरहोल्डरना अन्याय नको म्हणून त्याच खालच्या भावात शेअर पर्चेस प्लॅन. पहिल्यांदा ते वाचून मला बरं वाटलं होतं, म्हटलं आपल्यालाही त्याच भावात ॲव्हरेज करता येईल. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या ती पीडीएफ वाचत होतो, खाली खाली गेलो तर 'पात्र शेअरहोल्डर' म्हणून एक व्याख्या: ज्यांचा नोंदणीकृत पत्ता ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये आहे ते. झालं. म्हणजे घणसोलीचा पत्ता असलेल्या माणसाचा हिस्सा कापला जाणार, पण कापला जाऊ नये म्हणून जे औषध दिलंय ते त्याला मिळणार नाही. आणि हे काही बेकायदेशीर नाही हां, तिथे असंच चालतं, परदेशी शेअरहोल्डरसाठी प्रत्येक देशाचे कायदे पाळण्याचा खर्च त्यांना नको असतो, समजू शकतो. पण एकदा झालं, मग परत झालं, मग मी ते पान उघडायचंच सोडून दिलं.

इथल्या कंपनीत असं होत नाही. राईट्स इश्यू आला, म्हणजे जुन्या शेअरहोल्डरना नवे शेअर देऊ केले, तर ते घ्यायचे हक्क (राईट्स एंटायटलमेंट) सरळ डिमॅटमध्ये येतात, पैसे असतील तर भरा, नसतील तर ते एंटायटलमेंट बाजारात विकून चार पैसे घ्या. क्यूआयपी, म्हणजे फक्त मोठ्या संस्थांना नवे शेअर विकणं, आपल्याकडेही होतो, आणि त्यात छोट्यांना भाग घेता येत नाही, ते मान्य. पण चालू कारखान्याला दर आठ महिन्यांनी हात पसरायची वेळ येत नाही कारण गल्ल्यात विक्री येत असते.

आता इथल्या बाजूचं वाईट. पहिली गोष्ट, हे घेऊन तुम्ही बॅटरीची कंपनी घेतली असं समजू नका. एचईजीचा मंडीदीपचा कारखाना किंवा ग्राफाईट इंडियाचे दुर्गापूर-नाशिकचे कारखाने, यांचा खरा धंदा इलेक्ट्रोडचा, इलेक्ट्रिक फर्नेसमध्ये पोलाद वितळवायला लागतात ते. अ‍ॅनोडचं काम एचईजी टीएसीसी नावाच्या उपकंपनीतून करतेय, मध्य प्रदेशात देवासला. हिमाद्री कोलटारवाली (कोळशापासून निघणाऱ्या डांबराचा धंदा), तिचा बॅटरीचा मार्ग अजून वेगळा. म्हणजे शेअर घेतल्यावर तुमचं नशीब बरंचसं पोलादाच्या सायकलशी बांधलेलं, आणि ती सायकल काय असते ते ज्यांनी २०१८ बघितलंय त्यांना विचारा. चीनने २०१७ मध्ये प्रदूषण करणारे कारखाने बंद केले, इलेक्ट्रोडचा तुटवडा झाला, एचईजी २०१८ मध्ये पाच हजाराच्या जवळ गेला, कंपनीने स्वतः ५,५०० च्या भावात आपलेच शेअर परत विकत घेतले (बायबॅक), आणि मार्च २०२० मध्ये तोच शेअर पाचशेच्या आत. (नंतर स्प्लिट झालाय, म्हणजे एका शेअरचे अनेक केलेत, त्यामुळे आताच्या चार्टवर हे आकडे शोधू नका.) वरच्या भावात अडकलेले लोक मला माहीत आहेत, अजून त्या विषयावर बोलत नाहीत.

गंमत म्हणजे त्या तुटवड्यातही बॅटरीचा हात होता, कारण इलेक्ट्रोडला लागणारा नीडल कोक (पेट्रोलियम किंवा कोलटारपासून बनणारा खास कोक) सिंथेटिक अ‍ॅनोडलाही लागतो. म्हणजे अ‍ॅनोड चालला तर ह्यांच्या मूळ धंद्याचा कच्चा माल महागतो. पण कोक तीन हजार डिग्रीच्या आसपास भाजून त्याचं ग्राफाईट करायचं कसं हे ह्या लोकांना कित्येक वर्षांपासून येतंय, आणि भट्टी पेटवायला नव्याने डोंगर खणावा लागत नाही. परमिट त्यांनाही लागतात, पण चालू औद्योगिक पट्ट्यात कारखाना वाढवणं आणि कोरी खाण उघडणं यात फार अंतर आहे.

इथेच खाण का नाही असं विचाराल तर केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये क्रिटिकल मिनरलच्या २० ब्लॉकचा पहिला लिलाव काढला होता, त्यात ग्राफाईटही होतं, पण बऱ्याच ब्लॉकला पुरेसे बोलीदारच आले नाहीत म्हणून लिलाव रद्द झाले. त्यामुळे ग्राफाईटच्या खाणीचा शेअर हवा तर बहुतेक परदेशीच बघावा लागतो.

टॅक्सचं थोडक्यात, कारण त्यावर भरपूर लिहिलं गेलंय. परदेशी शेअर २४ महिन्यांनी लाँग टर्म, इथला १२ महिन्यांनी. दर दोन्हीकडे साडेबारा टक्के (सिडकोच्या साडेबारा टक्के जमीन योजनेमुळे नवी मुंबईकरांना हा आकडा पाठच असतो), पण इथे वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट, तिथे ती नाही. आयटीआर-१ हा साधा फॉर्म विसरा, आणि शेड्यूल एफए (रिटर्नमधला परदेशी मालमत्तेचा तक्ता) दरवर्षी भरा, शेअर मेलेला असला तरी. माझा सीए त्या एका ओळीचे वेगळे पैसे घेतो, आणि माझी त्या कंपनीतली रक्कम बघता ते प्रमाण बरं दिसत नाही.

तरी खाण अगदीच बाद म्हणणार नाही. ती लागली तर लागते. एखादा अ‍ॅनोड कारखाना उभा राहिला, एखाद्या सेल बनवणाऱ्याने माल पास केला (ह्यालाही वर्षं जातात, खाणीच्या परमिटनंतर वेगळी), अमेरिकेने चिनी मालावर अजून ड्युटी लावली, तर चालू कारखाना जेवढा वर जाईल त्याच्या कितीतरी पट खाणीचा शेअर जाईल. आणि खाण सुरू झाली म्हणजे सुटलो असंही नाही, मोझांबिकची बालामा खाण चालू होती, २०२४ च्या शेवटी स्थानिकांच्या आंदोलनामुळे बंद पडली आणि मालक सिराह कंपनीला फोर्स मॅज्युर, म्हणजे आमच्या हाताबाहेरच्या कारणाने करार पाळता येत नाही असं, जाहीर करावं लागलं. ज्याचं वय कमी आहे, पगार चालू आहे आणि ती रक्कम गेली तरी चालेल, त्याने थोडी चव घ्यायला हरकत नाही. भाच्याला मी पाचास एक म्हटलं, पाच भाग इथला कारखाना, एक भाग खाण, आणि इथलाही पोलादवाले रडत असतील तेव्हा घे, बॅटरीच्या बातमीवर नको.

आणि खाण घेणारच असाल तर परमिटची बातमी वाचण्याआधी कंपनीचा तिमाही कॅशफ्लो रिपोर्ट उघडा, ऑस्ट्रेलियात त्याला अपेंडिक्स ५बी म्हणतात. त्यात आठव्या भागात शेवटाकडे एक ओळ असते, हातातले पैसे किती तिमाही पुरतील. तो आकडा २ च्या खाली असेल तर कंपनीला तिथेच लिहून द्यावं लागतं की पुढचे पैसे कुठून आणणार. तिथे 'बाजारातून उभारू' अशा अर्थाचं काही दिसलं तर थांबा, प्लेसमेंट होऊ द्या, भाव सहसा त्या प्लेसमेंटच्या आसपास येऊन बसतो, तेव्हा घ्या. शेअर पर्चेस प्लॅन तुम्हाला मिळणार नाहीच, निदान भाव तरी तोच मिळेल.