‘५०,००० एमएएच’ आणि थंडीचं निमित्त

हँडहेल्ड जीपीएस घेताना आपण स्क्रीन बघतो, नकाशे बघतो, सिग्नल किती लवकर पकडतो ते बघतो. मला गंडवणाऱ्याने म्हणूनच उपकरण अस्सल दिलं. गफलत होती ती त्यासोबतच्या सेल आणि पॉवर बँकेत.

ट्रेकिंगच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर हा गृहस्थ ‘हिमालय किट’ विकत होता. वापरलेला गार्मिन कंपनीचा ईट्रेक्स जीपीएस, चार रिचार्जेबल पेन्सिल सेल आणि सोलर पॉवर बँक. सेलवर छापलेलं ३८०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप), पॉवर बँकेवर ५०,०००. आम्ही हिमाचलातल्या पिन पार्वती खिंडीच्या ट्रेकला निघालो होतो. खीरगंगा मागे पडलं की थेट पलीकडे स्पितीतल्या मुदपर्यंत चार्जिंगची सोय नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. “दादा, चार्जिंगची काळजीच सोडा,” म्हणाला. पैसे यूपीआयने गेले.

ईट्रेक्स दोन सेलवर २५ तास चालतो, असं कंपनी सांगते. माझा वाटेतल्या मानतलाई तलावाच्या अलीकडेच दुपारच्या आत मान टाकायला लागला. पॉवर बँकेने एक फोन पूर्ण भरला, दुसरा अर्धा, आणि संपली. खिंड ५३०० मीटरच्या वर, माथ्याजवळ हिमनदी. ढग उतरले तेव्हा सोबत स्थानिक गाइड होता म्हणून निभावलं.

रेंजमध्ये आल्यावर त्याला फोन लावला. “थंडीत सेल उतरतातच हो!” हे अर्धं खरं आहे आणि तिथेच मेख आहे. गारठ्यात पॉवर बँकेतली लिथियम-आयन बॅटरी मंदावते, साधे अल्कलाइन सेल तर फारच लवकर बसतात. म्हणून तर आपण रात्री सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपतो. दुसरं कारणही त्याच्या तोंडावर तयार होतं: “सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदलला नसेल तुम्ही.” बदलला होता. पुण्यात परत आल्यावर ऑक्टोबरच्या उकाड्यात तेच सेल पूर्ण भरून ईट्रेक्स बाल्कनीत चालू ठेवला. तितक्याच वेळात बंद. तिथे कुठली आली थंडी?

मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला. चांगला २००० एमएएचचा रिचार्जेबल पेन्सिल सेल साधारण २६-२७ ग्रॅम भरतो. हे १७ भरले. ३८०० एमएएच तर या आकाराच्या निकेल-मेटल हायड्राइड (म्हणजे या रिचार्जेबल प्रकारच्या) सेलमध्ये मावतच नाही. पॉवर बँकेचा हिशेब याहून मजेशीर. आत जे ‘१८६५०’ नावाच्या मापाचे गोल सेल असतात, त्यातला उत्तम सेल ३५०० एमएएचच्या आसपास आणि वजन ४५-४८ ग्रॅम. म्हणजे ५०,००० साठी निदान चौदा-पंधरा सेल, नुसत्या सेलचंच वजन सहाशे ग्रॅमच्या वर. माझी अख्खी बँक अडीचशेच्या आत होती! दुरुस्तीवाल्याने उघडली तर दोन सेल आणि वजनाला लोखंडी पट्टी. (घरी उघडू नका, लिथियम पेट घेते.)

सोलरचं तर बोलूच नका. तळहाताएवढ्या पॅनेलमधून कडक उन्हात फार तर दीड वॉट येतात. ५०,००० एमएएच म्हणजे, सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं तर, १८५ वॉट-अवर ऊर्जा. भरायला शंभरावर तास ऊन लागेल. शिवाय १६० वॉट-अवरच्या वरची पॉवर बँक विमानात नेताच येत नाही. आकडा खरा असता, तर दिल्लीच्या विमानातच चढू दिली नसती. विनापरवानगी चालते ती १०० वॉट-अवरपर्यंत, म्हणजे सुमारे २७,००० एमएएच.

बँकेवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांकही होता. ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला तर भलत्याच वस्तूची नोंदणी निघाली.

याच माणसाने मला ‘परदेशातून आणलेलं’ सॅटेलाइट मेसेंजरही (रेंज नसताना उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं उपकरण) देऊ केलं होतं. ते तर हातातही धरू नका. भारतात परवान्याशिवाय असं उपकरण बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटक त्यापायी पोलिसांपर्यंत पोचले.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्याने मला ब्लॉक केलंय, पण तेच फोटो आता दुसऱ्या नावाने, दुसऱ्या ग्रुपवर फिरताहेत: हिरव्या चादरीवर ईट्रेक्स, शेजारी नारिंगी पॉवर बँक. दिसले तर पैसे पाठवण्याआधी सेल आणि पॉवर बँक काट्यावर ठेवून व्हिडिओ मागा.